मालवण-सिंधुदुर्ग फिरायला येताय? सारखे सारखे येणारे प्रश्न

वर्षभर ओळखीपाळखीतून, मग त्यांच्या ओळखीतून, असे फोन आणि मेसेज येत राहतात आणि नव्वद टक्के प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळे एकदाच लिहून ठेवतोय. जिथे एक उत्तर दुसऱ्यात अडकलंय तिथे नंबर दिलाय, तो बघा म्हणजे मला परत लिहायला नको.

1. यायला बेस्ट महिना कोणता?

हा प्रश्न उलटा आहे. आधी तुम्हाला काय बघायचंय ते सांगा, महिना आपोआप ठरतो. समुद्र, बोटी, स्कूबा, किल्ला हे पाहिजे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आंबे पाहिजेत तर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य, पण मग घामाने भिजायची तयारी ठेवा, मे महिन्यातली दमट हवा पुण्यावाल्यांना सोसत नाही हे दरवर्षी बघतो. हिरवंगार पाहिजे तर जुलै-ऑगस्ट, पण समुद्र बंद (प्रश्न 3). जत्रा आणि दशावतारी नाटकं पाहिजेत तर कार्तिकापासून पुढे. आणि 25 डिसेंबर ते 1 जानेवारी या आठवड्यात शक्यतो येऊच नका, तारकर्लीच्या रस्त्यावर गाड्या इंच इंच सरकतात आणि रूमचे रेट विचारायची सोय नसते.

2. ट्रेनने कुठे उतरायचं? तिकिटावर 'सिंधुदुर्ग' स्टेशन दिसतंय, तेच ना?

नाही! दर सीझनला कोणीतरी यात फसतंच. 'सिंधुदुर्ग' नावाचं स्टेशन ओरोसला आहे, म्हणजे जिल्ह्याचं मुख्यालय सिंधुदुर्गनगरी, तिथून किल्ला दिसत नाही की समुद्रही दिसत नाही. मालवणला रेल्वेच नाही. मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ सगळ्यात सोयीचं, तिथून साधारण 30 किलोमीटर, एसटी आणि रिक्षा मिळते. देवगड-कुणकेश्वर करणार असाल तर कणकवली, वेंगुर्ला-शिरोडा-रेडीसाठी सावंतवाडी. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, ते तिकीट काढतानाच बघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल असतं, गाड्या हळू चालवतात, त्यामुळे जून ते ऑक्टोबरमध्ये जुना वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर जाऊ नका.

विमानतळ चिपीला आहे, परुळ्याजवळ, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. पण विमान रोज असेलच असं धरून प्लॅन करू नका, आधी तिकीट हातात घ्या मग हॉटेल बुक करा.

3. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं का?

नाही. मेच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. किल्ला पाण्यात आहे, कुरटे बेटावर, दुसरा रस्ता नाही. कोणी म्हणाला की "मी नेतो, ओळख आहे" तर हात जोडून नाही म्हणा. जूनमधला समुद्र किनाऱ्यावरून बघितला तरी कळतं का ते. सप्टेंबरमध्येसुद्धा सुरू झालं म्हणजे रोज चालू असं नाही, वारा असला की बंद ठेवतात.

आणि हो, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग एकच नव्हेत. विजयदुर्ग देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या तोंडावर, मालवणपासून गाडीने दोनेक तास. तिथे मात्र रस्त्याने जाता येतं, म्हणून पावसाळ्यात किल्लाच बघायचा हट्ट असेल तर तो बघा.

4. किल्ल्यावर बघायला किती वेळ लागतो? काय चुकवू नये?

बोटवाले जेटीवरून नेतात आणि साधारण तासाभराने परत न्यायला येतात, पण तासात नीट होत नाही. चढतानाच सांगा की आम्हाला जास्त वेळ हवाय, नंतरच्या बोटीने येतो, बहुतेक ऐकतात.

बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं आणि तीन वर्षांत पुरं झालं. तट साधारण 3 किलोमीटरचा, नागमोडी, आत 48 एकर जागा. दरवाजा बाहेरून दिसतच नाही, बोट अगदी जवळ गेली तरी भिंतच दिसते, मग वळण घेतलं की उघडतो. माझ्या मते अख्ख्या किल्ल्यात ही एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे आणि लोक नेमके तिथे सेल्फी काढत पुढे जातात. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. काही कुटुंबं आजही किल्ल्यावर राहतात, त्यांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका एवढंच.

टोपी, पाणी आणि सुट्टे पैसे न्या. म्हाताऱ्या माणसांना बोटीत चढता-उतरताना त्रास होतो, ओहोटीला जास्त, त्यासाठी पुढचा प्रश्न.

5. भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार? ॲप कोणतं?

ॲप आहेतच, पण आमच्याकडे म्हातारी माणसं तोंडी हिशोब करतात, तिथीची पाऊणपट. म्हणजे चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, तर तीनच्या सुमारास भरती, दुपारी पण आणि रात्री पण, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या आसपास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची, सव्वाअकरा येतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण पिकनिकच्या प्लॅनला पुरतं. कालनिर्णय उघडा आणि करून बघा, मुलांना फार मजा येते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती जास्त वर आणि ओहोटी जास्त आत. शिंपले, खडकातली डबकी बघायची तर त्याच दिवसांत ओहोटीला जा. देवबागच्या संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, ज्याला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तो भरतीला पाण्याखाली जातो. "फोटोत तर बेट होतं" असं म्हणणारे भरतीच्या वेळी गेलेले असतात.

6. पोहता येत नाही, स्कूबा चालेल का?

चालेल. इथे पर्यटकांना जे करवतात त्यात ट्रेनर पूर्ण वेळ धरून असतो, तोंडाने श्वास घ्यायचा एवढंच शिकायचं. पण दमा, हार्टचा त्रास, कानाचं ऑपरेशन, प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर नाही म्हणजे नाही, आणि हे लपवून फॉर्म भरू नका. सर्दी असली तरी थांबा, कान दुखतो.

पाणी सगळ्यात स्वच्छ असतं ते थंडीत. मेमध्ये पण करतात पण खालचं गढूळ दिसलं तर मग तक्रार नको.

लोक विचारत नाहीत पण विचारायला हवं असं एक म्हणजे डाइव्हनंतर लगेच विमान. निदान 12 तास जाऊ द्या, 18 ठेवले तर उत्तम. म्हणून स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी नको.

7. खाली सापडलेले शंख, कोरल आणले तर चालतात का?

नाही. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, काही शंखसुद्धा. किनाऱ्यावरचे साधे शिंपले मुलाने खिशात टाकले तर कोणी पकडणार नाही, पण बाजारात कोणी कोरल विकत देत असेल तर घेऊ नका. पाण्यात कोरलवर उभे पण राहू नका, ते दगड नाहीत.

8. डॉल्फिन नक्की दिसतात का?

"शंभर टक्के" म्हणणाऱ्या बोटवाल्याकडे जाऊ नका. सकाळी लवकर, समुद्र शांत असताना, थंडीत, चान्स चांगला असतो. दिसले की इंजिन बंद करायला सांगा, पाठलाग केला की ते जातात आणि तुम्हाला पण दिसत नाहीत.

9. कासवं बघायची आहेत, मालवणला दिसतील का?

कासव महोत्सव म्हणून जो फेमस आहे तो वेळासचा, आणि वेळास आहे रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ. मालवणहून तो अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे, "जाता जाता करू" असं होत नाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी ती वेगळी ट्रिप करावी. तिथे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन हे काम उभं केलं, आता वन खातं आणि गाव मिळून बघतात. आमच्या बाजूला वेंगुर्ल्याच्या वायंगणीला पण घरटी जपतात, पण तिथे गर्दीसाठी सोय नाही आणि नसलेलीच बरी.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री येऊन वाळूत शंभरच्या वर अंडी घालते, ती कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला कुंपणात हलवतात, आणि साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. आदल्या दिवशी तीस सोडली आणि तुम्ही गेलात त्या दिवशी एक पण नाही, असं होतं. दोन रात्री राहा. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, आणि पिल्लाला हातात घेऊन फोटो तर अजिबात नाही.

10. आंगणेवाडीची जत्रा कधी आहे? पुढच्या वर्षीची तारीख सांगा, सुट्टी टाकायची आहे.

नाही सांगू शकत, आणि कोणीच नाही सांगू शकत. मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर नसते. देवीचा कौल घेऊन, पारध झाल्यावर, मग तारीख ठरते आणि तेव्हाच जाहीर होते. साधारण फेब्रुवारी-मार्च. तारीख फुटली की मुंबईत तासाभरात सगळ्यांच्या फोनवर असते आणि त्यानंतर गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत. लाखांनी माणसं येतात, मंत्री-आमदार पण येतात. पहिल्यांदाच कोकणात येत असाल आणि शांतता हवी असेल तर नेमक्या त्या दोन दिवसांत मालवणला येऊ नका. जत्राच बघायची असेल तर रात्री उशिरा रांगेत लागा, दुपारच्या उन्हात नको.

तिथीच्या जत्रा ज्यांना प्लॅन करता येतात त्या म्हणजे महाशिवरात्रीचं कुणकेश्वर, मंदिर अगदी समुद्राला लागून, गावोगावचे देव तीर्थस्नानाला येतात, पालख्या वाळूत उतरतात. दुसरी सोनुर्लीच्या माऊलीची, सावंतवाडी तालुक्यात, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, लोटांगणाची जत्रा म्हणतात तिला.

11. दशावतार कुठे बघायला मिळेल? तिकीट असतं का?

जत्रेत तिकीट नसतं, गावच्या देवळासमोर असतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रोज कुठे ना कुठे असतोच, रिक्षावाल्याला विचारा "आज दहीकालो खंय आसा?" दहीकालो म्हणजे हाच खेळ, लगेच सांगेल. पालखीची प्रदक्षिणा झाली की रात्री उशिरा सुरू होतो, बारा वाजता पण होतो, आणि पहाटे दहीहंडी फोडून संपतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग तो संकासुर, हा सगळा आडदशावतार, आणि नंतर आख्यान. बायकांची कामं पुरुषच करतात, आणि संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथे सुचेल तसे बोलतात, हार्मोनियम आणि मृदंग बाजूला. भाषा आख्यानात चांगली प्रमाण मराठी असते त्यामुळे मालवणी येत नाही म्हणून घाबरू नका, फक्त संकासुराचे विनोद निसटतील.

स्वेटर आणि बसायला चटई आणा. पहिल्या तासात कंटाळून उठू नका, खरी रंगत दोननंतर येते.

12. आचऱ्याला गेलो तर अख्खं गाव रिकामं होतं, हे काय होतं?

गावपळण. आचरा, मालवण तालुक्यातलं मोठं गाव. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो, झोपड्या घालून. चिंदरला पण असते. त्या तीन दिवसांत गावात हॉटेल, दुकान काही चालू नसतं आणि बाहेरच्याने "रिकाम्या गावाचा व्हिडिओ" काढायला आत जाणं गावाला आवडत नाही. वेशीबाहेर जिथे लोक राहतात तिथे जा, तिथे भजनं असतात, गप्पा असतात, आग्रहाने जेवायला बसवतील. आचऱ्यात बुकिंग असेल तर डिसेंबरच्या आसपास एकदा मालकाला फोन करून विचारा, यंदा गावपळण आहे का म्हणून.

13. गणपतीत पर्यटनाला यावं का?

खरं सांगू? पाहुणा म्हणून या, पर्यटक म्हणून नको. बहुतेक घरगुती होमस्टे बंद असतात कारण घरात मुंबईचे चाकरमानी भरलेले असतात, खानावळी पण कमी, आणि रेल्वे रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडलं की मिनिटांत संपतं. हायवेवर काय होतं ते टीव्हीवर बघताच. पण कोणाच्या घरी बोलावणं असेल तर सोडू नका. गणपतीच्या वर लाकडी माटवी बांधतात, तिला रानातली फळं-फुलं, काकड्या, सुपारीचे घड लटकवतात, आणि रात्री घरोघर भजन, कुठे डबलबारी म्हणजे दोन बुवांची समोरासमोर. दीड दिवसापासून एकवीस दिवसांपर्यंत गणपती असतात. मासे मात्र विसरा (प्रश्न 15).

14. शिमग्यात रस्त्यात गाडी अडवतात, पैसे मागतात, ते काय?

शबय. मुलं सोंगं घेऊन "शबय शबय" करत येतात, दहा-वीस रुपये द्या, हसा आणि पुढे जा. दादागिरी नाही ती. आमच्याकडे होळी एका दिवसात संपत नाही, पाच, सात, पंधरा दिवस गावागणिक वेगळं. कुडाळजवळ नेरूरला मांडावर, म्हणजे गावच्या शिमग्याच्या जागेवर, मोठी रोंबाटं येतात, चित्ररथासारखी हलती सोंगं, ती बघण्यासारखी. रत्नागिरी बाजूला जास्त पालख्या नाचवतात.

15. मासे कधी मिळत नाहीत?

हा खरा मालवणी प्रश्न. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, माशांच्या विणीसाठी. तेव्हा हॉटेलात मिळणारं सुरमई-पापलेट बहुतेक बर्फातलं. त्या दिवसांत खाडीचे मासे, कुर्ल्या, चढणीचे मासे विचारा, नाहीतर सुक्या बांगड्याचं किंवा सोड्याचं सांगा, पावसात गरम भाताबरोबर ते कुठल्याही पापलेटला भारी पडतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग बोटींची खरी सुरुवात. त्या दिवशी मालवणच्या जेटीवर नारळ लढवायच्या स्पर्धा असतात, बायकांच्या पण, ती संध्याकाळ फार मस्त असते.

श्रावणात आणि गणपतीत मासे असले तरी घरगुती ठिकाणी करत नाहीत. सोमवारी पण बऱ्याच घरात नाही. "होमस्टे बुक केलं आणि सोमवारी डाळभात मिळाला" अशी नाराजी ऐकलीय, तर आधीच विचारा.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली, म्हणजे पन्नासएक माणसं दोन्ही टोकांनी जाळं ओढतायत, तर दोरीला हात लावायला हरकत नाही, लोक हसून जागा देतात. जाळ्यात उतरू नका.

16. खरा देवगड हापूस रस्त्यावर मिळतो का?

मिळतो आणि नाही पण मिळत. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला पण हायवेच्या स्टॉलवर कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत असू शकतो. बागेतून किंवा ज्याच्या घरी राहिलात त्याच्याकडून घ्या. फेब्रुवारीत जी पेटी येते ती हौसेची, महाग आणि आंबट. एप्रिलच्या शेवटी भाव उतरतो, चव चढते. प्रवासात नेणार तर अढीतला पूर्ण पिकलेला घेऊ नका, अर्धकच्चा घ्या, घरी गवतात किंवा कागदात पिकवा. साका, म्हणजे गरातला पांढरट खराब भाग, बाहेरून दिसत नाही, कापल्यावर एखाददुसरा निघणार, त्यावरून भांडू नका. पहिला पाऊस पडला की आंबा संपला समजा.

त्याच दिवसांत रातांबे, करवंदं, जांभळं, फणस असतात आणि त्याच्या आधी ओले काजूगर. हापूसच्या नादात हे सगळे विसरतात, ओल्या काजूची उसळ खाल्ली नाही तर फेरी फुकट.

17. आंबोली एका दिवसात होते का?

सावंतवाडीहून होते. पावसाळ्यात शनिवार-रविवार नको, धबधब्याखाली माणसंच माणसं असतात आणि बाटल्या. मंगळवारी या. धुकं उतरलं की हेडलाइट लो बीमवर ठेवून सावकाश. पावसात आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा यातला कुठलाही घाट दरडीमुळे बंद होऊ शकतो, निघायच्या सकाळी चौकशी करा, आदल्या रात्रीची बातमी धरू नका. उतरताना सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि राजवाड्यात गंजिफा बघा, हाताने रंगवलेले गोल पत्ते.

18. बीचवर गाडी नेता येते का? रील्समध्ये तर दिसते.

रीलच्या पुढचा भाग दाखवत नाहीत, ज्यात जेसीबी येतो. ओली वाळू घट्ट वाटते, गाडी थांबली की चाकं बसतात आणि मग भरती (प्रश्न 5). पोलीस केस पण होते. मी स्वतः एक नवी कोरी गाडी बोनेटपर्यंत पाण्यात बघितलीय, मालक किनाऱ्यावर विमा कंपनीला फोन लावत होता.

19. गोव्याला जाऊन परत येताना दोन बाटल्या आणल्या तर?

गोव्याची दारू महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे, दोन असो की वीस. बांदा-इन्सुलीकडे एक्साइजची तपासणी असते. "टुरिस्ट आहे" हे कारण चालत नाही, गाडीसुद्धा अडकू शकते. तिथेच प्या आणि गाडी दुसऱ्याला चालवायला द्या.

20. समुद्रात पोहायला कुठे सेफ?

जिथे गावातली मुलं पोहतात तिथे, आणि ती बाहेर आली की तुम्ही पण बाहेर. ओहोटी लागलेली असताना आत जाऊ नका, पाणी ओढतं. संगमाजवळ, खडकांजवळ, आणि पावसाळ्यात कुठेच नको. लाटा कमी दिसणारी गुळगुळीत पट्टी शांत वाटते पण बऱ्याचदा तिथूनच पाणी आत जात असतं. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग या. गुडघाभर पाण्यात पण लहान मुलाचा हात सोडू नका. जेवून किंवा पिऊन पाण्यात जाणाऱ्यांना कोळी लोक ओरडतात, त्यांचं ऐका, शोधायला बोट घेऊन शेवटी त्यांनाच जावं लागतं.